अपडेटनंतर लॅपटॉपचा माउस गोठला? बेळगाव-खानापूर-निपाणी भागातल्या लिनक्स वापरणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट थांबवले. विंडोज ११ न झेपणाऱ्या लॅपटॉपांचं काय करायचं हा प्रश्न आपल्याकडेही आला. टिळकवाडीतल्या कॉलेजच्या पोरांपासून निपाणीच्या डीटीपीवाल्यांपर्यंत बऱ्याच जणांनी विंडोजच्या जागी लिनक्स, म्हणजे उबंटू नाहीतर लिनक्स मिंट, घातलं. जुनं मशीन परत पळायला लागलं. मग एखाद्या सकाळी अपडेट होतं आणि माउस जागचा हलत नाही. अशा वेळी जे जे विचारलं जातं, ते इथं एकत्र केलं आहे.

वाचताना एवढं लक्षात ठेवा. आपल्याकडे टचपॅडलाही माउस म्हणतात आणि स्क्रीनवरच्या बाणालाही. इथं घोटाळा नको म्हणून पॅडला टचपॅड, वेगळा जोडतो त्याला यूएसबी माउस आणि स्क्रीनवरच्याला बाण म्हटलंय. टर्मिनल म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, तिथल्या आज्ञा उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत टाइप करायच्या. मायनस म्हणजे साधी आडवी रेघ, अंडरस्कोर म्हणजे ओळीच्या तळाची रेघ, बरोबर म्हणजे गणितातलं बरोबरचं चिन्ह, टिंब म्हणजे फुलस्टॉप.

अपडेट झालं, लॅपटॉप परत चालू केला, तर बाण मधोमध उभा आणि हलंना झालाय. आधी काय करू?

पॉवरचं बटण दाबून धरू नका, हे पहिलं. कॅप्स लॉक दाबा आणि त्याचा दिवा लागतो-विझतो का बघा. दिवा दाद देत असेल तर मशीन जिवंत आहे, नुसता माउस गेलाय. दिवाच नसेल तर विंडोजच्या चिन्हाची कळ दाबा. मेनू उघडला तरी अर्थ तोच. दोन्हींनी काही झालं नाही तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाबा. काळ्या स्क्रीनवर लॉगिन मागितलं तर आतली यंत्रणा चालू आहे आणि वरचा डेस्कटॉप अडकलाय. परत यायला उबंटूत कंट्रोल-ऑल्ट-एफ१ किंवा एफ२, मिंटमध्ये एफ७.

ही तपासणी आधी करायचं कारण असं की नुसता माउस जाणं, डेस्कटॉप अडकणं आणि अख्खं मशीन गोठणं ही तीन वेगळी दुखणी आहेत आणि तिघांचं औषध वेगळं आहे. फोनवर विचारणारे बहुतेक जण "हँग झालंय" एवढंच सांगतात. त्यावरून काहीच कळत नाही.

मशीन जिवंत असेल तर टचपॅड बंद करायची कळ हुडका. वरच्या एफ रांगेत एका कळीवर पॅडचं छोटं चित्र असतं, त्यावर तिरकी रेघ. एफएनसोबत ती दाबून बघा. काही जुन्या मॉडेलांत पॅडच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात दोनदा टॅप केलं की पॅड बंद होतो आणि तसंच केलं की चालू होतो. अपडेटचा यात काही संबंध नसतो, पण नेमकं त्याच दिवशी बोट लागलेलं असतं.

माउसच नाही तर लॅपटॉप चालवायचा कसा?

घरात एखादा यूएसबी माउस असेल तर लावा, तो बहुतेक वेळा चालतो. टचपॅडचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला चालवणारा प्रोग्राम, आणि यूएसबी माउसचा ड्रायव्हर वेगळा असतो.

तोही नसेल तर कीबोर्ड पुरेसा आहे. विंडोजची कळ दाबून प्रोग्रामचं नाव टाइप करा आणि एंटर मारा, तो उघडतो. कंट्रोल-ऑल्ट-टी नं टर्मिनल येतं. टॅबनं एका बटणावरून दुसऱ्यावर, स्पेसनं निवड, ऑल्ट-टॅबनं एका खिडकीतून दुसरीत, ऑल्ट-एफ४ नं खिडकी बंद. अंकांचा वेगळा कीपॅड असलेल्या लॅपटॉपवर सेटिंग्जमधल्या अ‍ॅक्सेसिबिलिटीत माउस कीज चालू केल्या की अंकांच्या कळांनी बाण हलवता येतो. सावकाश चालतो, पण उघडं राहिलेलं काम सेव्ह करून बाहेर पडायला तेवढं बस्स होतं.

टर्मिनल उघडलं, पण पासवर्डच घेत नाही. तोही बदलला काय?

पासवर्ड बदललेला नाही. हा प्रश्न आपल्या भागात जास्त येतो. कारण आपल्या लॅपटॉपांवर इंग्रजी, मराठी आणि कन्नड अशा कीबोर्डच्या तीन मांडण्या बसवलेल्या असतात. शाळेचं काम मराठीत, ऑफिसचा अर्ज कन्नडमध्ये, बाकी इंग्रजीत. अपडेटनंतर परत लॉगिन करताना किंवा माउसशिवाय कळा चाचपताना विंडोज कळ आणि स्पेस एकत्र दाबली जाते आणि मांडणी बदलते. पासवर्डच्या जागी काय उमटतंय ते दिसत नाही, म्हणून कळतही नाही.

खात्री करायची असेल तर टर्मिनलमध्ये सूडो, म्हणजे मालकाच्या हक्कानं आज्ञा चालवायचा शब्द, टाइप करून बघा. मराठी इनस्क्रिप्ट मांडणी चालू असेल तर स्क्रीनवर "ेह्द" उमटेल. विंडोज कळ आणि स्पेस दाबून इंग्रजीवर या. वरच्या उजव्या कोपऱ्यात, मिंटमध्ये खालच्या पट्टीत, चालू मांडणीचं आखूड नाव किंवा झेंडा दिसतो. मग पासवर्ड टाका. काही ठिकाणी चांदण्या दिसतात, काही ठिकाणी काहीच दिसत नाही. न दिसलं तरी अक्षरं जात असतात, पुरं टाइप करून एंटर मारा.

अपडेटनं टचपॅडला असं काय होतं की?

बोट पॅडवर फिरलं की ती हालचाल विहिरीवरून हातोहात घागर पुढं जावी तशी जाते. पॅडमधली चिप ती मदरबोर्डला देते. कर्नल म्हणजे यंत्रणेचा गाभा, त्यातला ड्रायव्हर ती वाचतो. लिबइनपुट नावाचा भाग तिचा अर्थ लावतो, म्हणजे एक बोट आहे की दोन, टॅप आहे की सरकवणं, की तळहातच टेकलाय. मग ग्नोम किंवा सिनॅमनसारखा डेस्कटॉप बाण हलवतो. अपडेट यातला कुठलाही हात बदलू शकतं. टचपॅड बंद पाडणारा बदल मात्र बहुतेक वेळा कर्नलचा असतो.

उबंटू २४.०४ निघालं तेव्हा त्यात ६.८ कर्नल होता. उबंटूच्या डेस्कटॉप आवृत्तीला अधूनमधून नव्या पिढीचा कर्नल मिळतो, त्याच २४.०४ ला पुढं ६.११ आणि मग ६.१४ आला. उबंटूचं नाव आणि आकडा तोच राहतो, त्यामुळं आपल्याला वाटतं किरकोळ अपडेट झालं. आत मात्र ड्रायव्हरांचा सगळा संच नवा आलेला असतो.

चिपपासून मदरबोर्डपर्यंतच्या वाटाही वेगवेगळ्या आहेत. जुन्या लॅपटॉपांत पीएस टू नावाची वाट असते, अलीकडच्यांत आय टू सी. सिनॅप्टिक्स कंपनीच्या काही पॅडना तर दोन वाटा असतात, पीएस टू आणि एसएमबस. कुठली वापरायची ते कर्नल ठरवतो. नव्या कर्नलनं त्या मॉडेलसाठी एसएमबस निवडली आणि लॅपटॉपच्या फर्मवेअरला, म्हणजे मशीनमध्येच बसवलेल्या मूळ प्रोग्रामला, ती नीट सांभाळता आली नाही, की पॅड गोठतो. पॅड खराब झालेला नसतो, त्याच्याशी बोलायची पद्धत बदललेली असते. एवढी एक गोष्ट लोकांना पटली तर निम्मे फॉरमॅट वाचतील, असं मला मनापासून वाटतं.

दुकानात विचारलं तर "फॉरमॅट करावं लागतंय" म्हणाले. करू काय?

नको. फॉरमॅट करून तीच आवृत्ती घातली आणि अपडेट केलं की तोच कर्नल परत येतो आणि तेच दुखणं परत येतं. मधल्या मध्ये पोराचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट, लग्नाचे फोटो, दुकानाचा हिशेब पुसला जातो. ज्यांचं दुसरीकडं कुठं बॅकअप नसतं त्यांच्यासाठी हे नुकसान भरून न येणारं आहे.

कुणी फॉरमॅट सुचवलं तर त्यांना एकच विचारा, "जुन्या कर्नलवर चालू करून बघितलंत का?"

जुना कर्नल म्हणजे काय, आणि त्याच्यावर जायचं कसं?

अपडेट नवा कर्नल घालतं तेव्हा आधीचा लगेच पुसत नाही. उबंटू आणि मिंट मागचा एखादा शिल्लक ठेवतात, फेडोरा नावाचं दुसरं लिनक्स मूळ सेटिंगमध्ये तीन ठेवतं. म्हणजे काल ज्याच्यावर टचपॅड चालत होता तो कर्नल आजही तुमच्या डिस्कवर आहे. त्याला हात लावायला इंटरनेट लागत नाही, पेन ड्राइव्ह लागत नाही, पैसेही लागत नाहीत.

लॅपटॉप नीट बंद करा. चालू करून कंपनीचं चिन्ह गेल्या गेल्या एस्केप एकदाच दाबा. जुन्या बायॉसच्या मशीनवर एस्केपऐवजी शिफ्ट दाबून धरायची. ग्रब नावाचा मेनू येईल. एस्केप जास्त वेळा दाबली गेली तर मेनूऐवजी नुसतं "ग्रब" आणि त्यापुढं बाणाचं टोक दिसतं. घाबरू नका, तिथं नॉर्मल टाइप करून एंटर मारा आणि लगेच एकदा एस्केप दाबा, मेनू परत येतो.

मेनूत दुसरी ओळ अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्सची असते. खालच्या बाणानं तिच्यावर जाऊन एंटर. आत कर्नलांची यादी दिसेल, सगळ्यात वर नवा. प्रत्येकाच्या खाली त्याचीच रिकव्हरी मोडची ओळ असते, ती सोडून द्या. आकड्यानं लहान असलेला कर्नल निवडा, एंटर मारा.

डेस्कटॉप आला आणि टचपॅडवर बोट फिरवताच बाण हलला, तर गुन्हेगार सापडला. टर्मिनलमध्ये यूनेम मायनस आर टाइप करा आणि आलेला आकडा वहीत लिहून ठेवा. नव्या कर्नलचा आकडाही शेजारी लिहा. हे दोन आकडे पुढं फार उपयोगी पडतात.

जुन्यावरही बाण हलला नाही, तर दोष कर्नलचा नाही. लिबइनपुट, डेस्कटॉप किंवा पॅडच्या हार्डवेअरकडं वळा.

दरवेळी मेनूतून निवडायचं काय? कायमचं काही करता येतं?

येतं. मिंटमध्ये हे सोपं आहे. अपडेट मॅनेजर उघडा, व्ह्यू मेनूत लिनक्स कर्नल्स आहे, तिथं त्रास देणारा कर्नल काढून टाकता येतो. त्याआधी जुन्या कर्नलवर चालू केलेलं असलं पाहिजे. मिंटसोबत टाइमशिफ्ट नावाचा प्रोग्रामही येतो. अपडेटच्या आधी त्याची स्नॅपशॉट, म्हणजे यंत्रणेची त्या वेळची प्रत, काढलेली असेल तर सगळी यंत्रणा कालच्या जागी नेता येते, तुमच्या फाइलींना धक्का न लावता.

उबंटूत एटीसी फोल्डरातल्या डिफॉल्ट फोल्डरात ग्रब नावाची फाइल असते. तिच्यात ग्रब अंडरस्कोर डिफॉल्टची किंमत शून्याऐवजी सेव्हड करा आणि ग्रब अंडरस्कोर सेव्हडिफॉल्ट बरोबर ट्रू अशी ओळ घाला. ही नावं मोठ्या लिपीत असतात, किंमती छोट्या. फाइल सेव्ह करून सूडो अपडेट मायनस ग्रब चालवा. पुढच्या वेळी मेनूतून जो कर्नल निवडाल तोच लक्षात राहील.

अ‍ॅप्ट मायनस मार्क होल्ड वापरून नवे कर्नल येणंच थांबवता येतं, पण सुरक्षेच्या दुरुस्त्याही कर्नलमधूनच येतात. होल्ड लावलात तर थोडे आठवडे ठेवा आणि नवा कर्नल आला की काढून परत बघा. बऱ्याचदा पुढच्या एखाद्या कर्नलमध्ये तो दोष दुरुस्त झालेला असतो.

नव्याच कर्नलवर टचपॅड जागा करता येत नाही काय?

बऱ्याचदा येतो. आधी पॅड कुठल्या वाटेवर आहे ते हुडका. टर्मिनलमध्ये कॅट टाइप करून एक जागा सोडा आणि प्रॉक, बस, इनपुट, डिव्हायसेस ही चार नावं प्रत्येकाच्या आधी तिरपी रेघ देऊन लिहा. यादी मोठी येते. तिच्यात टचपॅड हा शब्द हुडका. नावात पीएस टू असेल तर ड्रायव्हर पीएसमाउस. एलान किंवा सायना अशा अक्षरांनंतर आकडे आणि दोन टिंबं असतील तर बहुधा आय टू सी.

पीएस टू असेल तर सूडो मोडप्रोब मायनस आर पीएसमाउस चालवा, मग सूडो मोडप्रोब पीएसमाउस. पहिल्या आज्ञेनं ड्रायव्हर उतरतो, दुसरीनं परत चढतो. कीबोर्डला यानं धक्का लागत नाही. आय टू सी असेल तर पीएसमाउसच्या जागी आयटूसी अंडरस्कोर एचआयडी अंडरस्कोर एसीपीआय. यातला टू आकड्यात लिहायचा. बाण तिथल्या तिथं जागा झाला तर ड्रायव्हर चांगला आहे, फक्त सुरुवातीला त्याचं आणि चिपचं जुळलं नाही.

यादीत टचपॅडचं नावच नसेल तर कर्नलला तो दिसतच नाही. मग जुना कर्नल हाच रस्ता.

नाव आहे पण बाण हलत नाही, तर लिबइनपुट मायनस टूल्स हे पॅकेज घाला आणि सूडो लिबइनपुट डीबग मायनस इव्हेंट्स चालवा. आता पॅडवर बोट फिरवा. टर्मिनलमध्ये पॉइंटर मोशनच्या ओळी भराभर पळायला लागल्या आणि बाण मात्र ढिम्म, तर बोटाची हालचाल लिबइनपुटपर्यंत पोचतेय आणि डेस्कटॉप ती घेत नाही. ओळच उमटली नाही तर अडचण खाली, ड्रायव्हर किंवा चिपमध्ये. ही एक तपासणी तासाभराची चाचपड वाचवते. अपडेटनंतर कुणी मदत मागितली तर आधी हीच करायला सांगावी.

ग्रबमध्ये काहीतरी शब्द घातले की माउस चालतो असं ऐकलं. कुठले?

सिनॅप्टिक्सचा पॅड असेल आणि दोन वाटांचा घोळ असेल तर पीएसमाउस टिंब सिनॅप्टिक्स अंडरस्कोर इंटरटच बरोबर शून्य. यानं कर्नल एसएमबसच्या नादी न लागता पीएस टू नं पॅड चालवतो. पीएस टू च्या इतर पॅडवर आय८०४२ टिंब नोमक्स, किंवा आय८०४२ टिंब रिसेट वापरून बघतात.

हे आधी एकदाच्या पुरतं करून बघा. ग्रब मेनूत पहिल्या ओळीवर असताना ई दाबा. लिनक्स शब्दानं सुरू होणारी लांब ओळ हुडका, तिच्या शेवटी जागा सोडून शब्द घाला, एफ१० दाबा. चाललं नाही तर नुसतं रीस्टार्ट केलं की सगळं पूर्ववत. चाललं तरच ग्रबच्या फाइलीत कायमचं लिहा. एका वेळी एकच शब्द घाला. चार एकदम घातले तर कशानं चाललं ते कळत नाही.

अपडेट चालू असताना लाइट गेली. आता माउसही नाही आणि वायफायही नाही.

पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडच्या लोकांना हे पुरतं ठाऊक आहे, आणि बॅटरी मेलेल्या लॅपटॉपवर तर लाइट गेली की मशीन त्याच क्षणी बंद. कर्नलचं अपडेट एका पॅकेजचं नसतं. उबंटू २२.०४ आणि २४.०४ मध्ये कर्नल एका पॅकेजात, मुख्य मोड्यूल म्हणजे त्याचे सुटे भाग दुसऱ्यात आणि बरेचसे ड्रायव्हर लिनक्स मोड्यूल्स एक्स्ट्रा नावाच्या तिसऱ्यात असतात. तिसरं बसायचं राहिलं तर मशीन चालू होतं, पण वायफाय, आवाज, टचपॅड अशा दोन-तीन गोष्टी एकदम गायब. नुसता माउस गेला तर दोष वेगळा. माउससोबत वायफाय किंवा आवाजही गेला तर आधी अर्धवट अपडेटचा संशय घ्या.

जुन्या कर्नलवर चालू करा, तिथं वायफाय चालेल. मग सूडो डीपीकेजी मायनस मायनस कॉन्फिगर मायनस ए. ते संपलं की सूडो अ‍ॅप्ट मायनस मायनस फिक्स मायनस ब्रोकन इन्स्टॉल. शेवटी अपडेट परत चालवून नव्या कर्नलच्या आकड्याचं एक्स्ट्रा पॅकेज बसलंय का बघा. डिस्क भरलेली असेल तरी असंच अर्धवट राहतं, म्हणून डीएफ मायनस एच चालवून जागाही बघून घ्या.

बाण हलतो, पण क्लिक घेत नाही. किंवा स्क्रीनच थिजलीय.

हा बहुतेक वेळा डेस्कटॉप किंवा ग्राफिक्सचा मामला. एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असलेल्या लॅपटॉपवर कर्नल पुढं गेला आणि ड्रायव्हर मागं राहिला की असं होतं. २५.०४ पर्यंतच्या उबंटूत लॉगिनच्या स्क्रीनवर नावावर एंटर मारल्यावर खाली उजवीकडं दातेरी चाकाचं चित्र येतं. तिथून उबंटू ऑन झॉर्ग, म्हणजे स्क्रीन चालवायची जुनी पद्धत, निवडून बघा. २५.१० पासून ग्नोममध्ये हा पर्याय राहिलेला नाही.

अख्खं मशीन गोठलं, कॅप्स लॉकही हलत नाही, तर ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन धरून एस, यू, बी या कळा सावकाश एकामागून एक दाबा. काही लॅपटॉपवर एफएनही धरावी लागते. यानं डिस्कवर लिहायचं राहिलेलं लिहून होतं, डिस्क सुरक्षित होते आणि मशीन रीस्टार्ट होतं. पॉवर बटण दाबून धरणं हा याच्यानंतरचा उपाय.

झाकण लावून ठेवलं, उघडलं, की टचपॅड मेलेला. रीस्टार्ट केलं की ठीक.

झोपेतून उठताना चिप नीट जागी होत नाही. वर सांगितलेला ड्रायव्हर उतरवून चढवायचा उपाय इथं हमखास बघण्यासारखा आहे. सिस, पॉवर, मेम अंडरस्कोर स्लीप ही फाइल कॅटनं वाचली तर मशीन कुठल्या प्रकारची झोप घेतं ते कंसात दिसतं: एस२आयडल किंवा डीप. दोन्ही शब्द असतील तर दुसरा प्रकार वापरून बघता येतो. काही लॅपटॉपांच्या बायॉसमध्ये झोपेचा प्रकार निवडायची सोय असते आणि तिथं लिनक्सचं नाव लिहिलेलं असतं.

यूएसबी माउस थोडा वेळ सोडला की झोपतो. क्लिक केल्यावर जागा होतो.

वीज वाचवायला यूएसबीला झोपवलं जातंय. वीज वाचवणाऱ्या पॉवरटॉप प्रोग्रामचं ऑटो-ट्यून चालवलंय का आठवून बघा, ते माउसलाही झोपवतं. ते काढलं की झालं.

टाइप करताना टचपॅड थांबतो. मराठी टाइपिंगचं काम असतं, फार आड येतं.

हा दोष नाही. टाइप करताना तळहात टेकून बाण उडू नये म्हणून लिबइनपुट टचपॅडला क्षणभर थांबवतं. नवीन ग्नोममध्ये सेटिंग्जच्या माउस आणि टचपॅड भागात ते बंद करायचं बटण आहे. बंद करून दोन पानं टाइप करून बघा. मजकूर भलतीकडं उमटायला लागला तर परत चालू करा.

चार्जर लावला की बाण उड्या मारतो, काढला की शहाणा होतो. हेही अपडेटमुळंच काय?

नाही, हे अर्थिंगमुळं. टचपॅड बोटाचा सूक्ष्म विद्युत परिणाम ओळखून चालतो. जुन्या घरांत सॉकेटला अर्थिंग नसतं, किंवा तीन पिनांच्या चार्जरला दोन पिनांचं अडॅप्टर लावलेलं असतं. मग लॅपटॉपच्या अंगावर हलका करंट राहतो आणि पॅड गोंधळतो. धातूच्या कडेवरून बोट फिरवलं की मुंग्या आल्यासारखं वाटतं, ती खूण. दुसऱ्या घरात, चांगल्या अर्थिंगच्या सॉकेटवर लावून बघा. तिथं बाण नीट चालला तर इलेक्ट्रिशियनला बोलवा, आणि हे माउससाठी नव्हे, घरातल्या माणसांसाठी करा.

पावसाळ्यात ओलसर बोटांनीही पॅड अडखळतो. कोरड्या कपड्यानं पुसून बघा.

पॅड वर आल्यासारखा दिसतो आणि क्लिक जड लागतं.

लॅपटॉप लगेच बंद करा, चार्जर काढा. आतली बॅटरी फुगली असणार. ती दाबू नका, टोचू नका, परत चार्ज करू नका. दुरुस्तीवाल्याकडं न्या आणि बॅटरी बदलून घ्या. आज्ञा चालवत बसायची ही वेळ नाही.

सगळं करून बघितलं. आता तक्रार करायची तर कशी?

उबंटूवर नव्या कर्नलमध्ये असताना, यूएसबी माउस लावून, टर्मिनलमध्ये उबंटू मायनस बग लिनक्स चालवा. लागणारी बहुतेक माहिती ते आपणच गोळा करतं. तुम्ही लिहायचं ते साध्या इंग्रजीत, चार ओळींत: लॅपटॉपचं पूर्ण मॉडेल, कुठल्या कर्नलवर चालतं, कुठल्यावर चालत नाही, काय केलं की गोठतं. वहीत लिहिलेले दोन आकडे इथं लागतात. जर्नलसीटीएल मायनस के मायनस बी मधल्या टचपॅडच्या ओळी जोडा. त्यात लॉस्ट सिंक किंवा इनकंप्लीट रिपोर्ट असं दिसलं तर ती ओळ अवश्य द्या. मशीनचा सीरियल नंबर मात्र काढून टाका.

इंग्रजी मोडकं आहे म्हणून अनेक जण गप्प बसतात. बसू नका. तुमचं मॉडेल ड्रायव्हर लिहिणाऱ्याच्या टेबलावर नसतं. तुम्ही कळवलं तरच त्याला समजतं की ते त्या कर्नलवर चालत नाही.

आमच्याकडं एकाच मॉडेलचे बरेच लॅपटॉप आहेत, शाळेत मिळून वापरतो. अपडेट कसं करायचं?

सगळ्यांवर एकदम नको. एका लॅपटॉपवर करा, रीस्टार्ट करा, झाकण लावून उघडा, चार्जर लावून आणि काढून बघा, आणि दोन-चार दिवस तो पोरांच्या हातात द्या. तो नीट चालला की बाकीच्यांवर. अपडेट शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर करा, परीक्षेच्या आदल्या दिवशी कधीच नको. सगळ्या लॅपटॉपांचे चार्जर लावलेले असू देत. आणि प्रत्येकावर जुना कर्नल शिल्लक आहे का ते ग्रब मेनूत एकदा डोळ्यांनी बघून, त्याचा आकडा कागदावर लिहून लॅपटॉपच्या पोटाला चिकटवा.